पाचशे बारा तुकडे

पुण्यातली खोली सोडून मी गावी येऊन काम करायला लागलो, त्याला आता पाच वर्षं होतील. गाव ढोकीच्या रस्त्यावर आहे. माझं काम ऑपरेटिंग सिस्टिमच्या कर्नलचं, म्हणजे संगणकाच्या सगळ्यात आतल्या भागाचं. कुठल्या प्रोग्रॅमला किती मेमरी द्यायची हे तो ठरवतो. देशोदेशीचे लोक मिळून तो लिहितात आणि ईमेलवर एकमेकांच्या चुका काढतात. हे मला गावात कुणालाच नीट सांगता आलेलं नाही. आई लोकांना सांगते, कॉम्प्युटरचं बघतो. त्यामुळं वर्षातून चारजण तरी बंद पडलेला प्रिंटर घेऊन दारात येतात.

मागच्या हिवाळ्यात, ऊसतोड जोरात चालू असताना, आमच्या ईमेलच्या यादीवर, म्हणजे एकानं लिहिलेलं सगळ्यांना जातं तिथं, एक तक्रार आली. नवीन कर्नल टाकल्यावर फायलीत लिहिलेला मजकूर मधूनच नाहीसा होतो आणि त्या जागी जुना मजकूर दिसतो, अशी. कर्नलमध्ये याहून वाईट तक्रार नसते. संगणक बंद पडला तर माणूस शिव्या देऊन परत चालू करतो. लिहिलेलं गेलं तर ते गेलंच.

आमच्याकडं अशा वेळी आलेले बदल निम्मे निम्मे करत तपासतात, म्हणजे कुठल्या बदलानंतर बिघडलं ते कळतं. बोट एका बाईच्या बदलावर आलं. ती दुसऱ्या देशातली, या कामात नवी. तिचं हे पहिलंच मोठं काम, आणि त्यावर तिनं आठ महिने घातले होते.

तिनं काय केलं होतं ते थोडक्यात सांगतो. कर्नल मेमरीची लहान लहान पानं करतो. पाचशे बारा पानं सलग मिळाली तर त्यांचं एक मोठं पान धरतो, म्हणजे पाचशे बारा नोंदी सांभाळण्याऐवजी एकच सांभाळावी लागते. ही मोठी पानं आधी फक्त प्रोग्रॅमच्या तात्पुरत्या कामाला मिळायची. डिस्कवरच्या फायलींनाही ती मिळावीत अशी सोय या बाईनं केली होती. यादीच्या प्रमुखानं लिहिलं की रविवारपर्यंत कारण सापडलं नाही तर तिचं सगळं काम येत्या आवृत्तीतून काढून टाकू. यात दुष्टावा नसतो, आमचा तसा रिवाजच आहे.

मंगळवारी मी हे काम हातात घेतलं. चूक प्रत्यक्ष घडायला चार तास लागायचे. तेवढ्यात लाईट गेली की इन्व्हर्टर तीन तासांनी मान टाकायचा, आणि मग परत पहिल्यापासून. बुधवारी उसानं भरलेल्या ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत रस्त्यावरची लोंबणारी केबल अडकली आणि गावाचं इंटरनेट गेलं. मला उलट बरंच वाटलं. कर्नल माझ्याच मशीनवर होता आणि ईमेल बंद, म्हणजे कुणाची कटकट नाही.

गुरुवारी दुपारी घोडं कुठं पेंड खातंय ते कळलं. प्रत्येक पानाला काही खुणा असतात. त्यातली एक खूण सांगते की या पानावर नवीन लिहिलंय, पण ते अजून डिस्कवर गेलेलं नाही. मोठ्या पानातला थोडाच भाग मोकळा करायचा असला की कर्नल त्याचे परत पाचशे बारा तुकडे करतो. तेव्हा ती खूण प्रत्येक तुकड्यावर जायला हवी. ती फक्त पहिल्या तुकड्यावर जात होती. मेमरी कमी पडली की बाकीचे पाचशे अकरा तुकडे कर्नल कोरे समजून टाकून द्यायचा, आणि त्यांच्याबरोबर माणसाचं लिहिलेलंही जायचं. डिस्कवरचा जुना मजकूर तेवढा उरायचा.

एखादी ओळ कुणी लिहिली ते दाखवणारी एक आज्ञा असते. ती दिली. सात वर्षांपूर्वीची तारीख आली आणि माझं नाव आलं. काखेत कळसा आणि गावाला वळसा.

सात वर्षांपूर्वी काम भराभर व्हावं म्हणून, खूण पहिल्याच तुकड्यावर ठेवायची, ही जवळची वाट मी काढली होती. तेव्हा फायलींची पानं तिकडं यायचीच नाहीत, त्यामुळं काही बिघडायचं नाही. पण हे मी कुठंच लिहून ठेवलं नव्हतं. तपासणाऱ्या एकानं तेव्हा सांगितलं होतं की इथं दोन ओळींची टीप टाक. पुढच्या वेळी टाकतो, असं मी कळवलं आणि विसरलो. ती वाट त्या बाईनं बिनधोक समजून वापरली. तिनं दुसरं काय करायला हवं होतं?

दुरुस्ती तीन ओळींची होती. अडलो ते शेवटच्या ओळीपाशी. आमच्यात दुरुस्तीच्या खाली एक ओळ लिहावीच लागते: ही चूक अमुक बदलामुळं झाली. तो बदल उघडला की करणाऱ्याचं नाव दिसतं. तिथं तिचा बदल लिहिला असता तरी कुणी हरकत घेतली नसती, सगळ्यांनी आधीच तिच्याकडं बोट दाखवलं होतं. आणि मेमरीच्या त्या भागाची जबाबदारी माझ्याकडं द्यायची, असं त्याच महिन्यात बोलणं चाललं होतं. झाकली मूठ सव्वा लाखाची. केबल गुरुवारी संध्याकाळीच जोडली गेली. शुक्रवारी मी अजून एकदा तपासून बघू म्हणालो, आणि अजून एकदा, आणि दिवस घालवला.

शनिवारी सकाळी काका तुरीच्या शेंगा घेऊन आले. हे माझे मधले चुलते. तोंड का उतरलंय म्हणून विचारलं. मी त्यांना कळेल असं सांगायला गेलो. म्हटलं, समजा अठरा एकराच्या रानाची वाटणी केली, बांध घातले, पण रानाखालून गेलेली पाईपलाईन कागदावर लिहिलीच नाही. पुढं एकानं खोल नांगर घातला आणि पाईप फुटला. बोलता बोलता मी काय बोलतोय ते माझ्या लक्षात आलं, पण तोंडातून निघून गेलं होतं.

कारण हे आमच्याच घरात घडलं होतं. वाटणी माझ्या वडिलांनी केली होती. मोठ्या काकांच्या उसाला पाणी नेणारी पाईपलाईन मधल्या काकांच्या रानाखालून गेली होती, आणि वाटणीच्या कागदावर तिचा उल्लेख नव्हता. मधल्या काकांनी ट्रॅक्टरनं नांगरट केली आणि ती फुटली. मोठ्या काकांचा ऊस वाळला. मधल्या काकांनी मुद्दाम फोडली असं सगळं घर म्हणालं, आणि दोन्ही भाऊ बरीच वर्षं एकमेकांच्या दारात गेले नाहीत.

काका शेंगा सोलत राहिले. मग म्हणाले, "म्हंजी नांगर घालणाऱ्याचा दोष न्हाय."

"न्हाय," मी म्हणालो.

"पाईप गाडला तवा तुझा बाप सोता उभा हुता. पाईप फुटल्यावर मागनं कळलं मला."

"मग तुमी कधी बोलला का न्हाईत?"

"त्यो सांगल म्हणून थांबलो. थांबता थांबता त्योच गेला."

एवढं बोलून ते आईशी बोलायला आत गेले. मला वडिलांचा राग आला, आणि लगेच त्या रागाची लाज वाटली, कारण परवापासून मी तरी दुसरं काय करत होतो? खालच्या ओळीत मी माझा सात वर्षांपूर्वीचा बदल लिहिला. वर खुलाशात लिहिलं की टीप टाकायला सांगितलं होतं आणि मी टाकली नाही. त्या बाईचं काम काढू नये. आणि पाठवून दिलं.

रविवारी प्रमुखाचं एका ओळीचं उत्तर आलं, दुरुस्ती घेतली. तिचं काम राहिलं. मला जबाबदारी देण्याचं बोलणं त्यानंतर कुणी काढलं नाही. संध्याकाळी त्या बाईचं मला एकट्याला पत्र आलं. मंगळवारपासून ती स्वतःचीच एकेक ओळ वाचत होती. शुक्रवारी तिनं आपलं काम मागं घेत असल्याचं पत्र लिहूनही ठेवलं होतं. तुम्ही इतक्या लवकर शोधलंत, तुमचे आभार कसे मानू, असं तिनं लिहिलं होतं. मी काहीतरी गोडगोड उत्तर पाठवलं.

सोमवारी काका बांधावर भेटले. झालं का काम, म्हणाले. झालं, शनिवारीच सांगून टाकलं, म्हटलं.

"कवा सापडलं हुतं तुला?"

"गुरुवारी."

त्यांनी माझ्याकडं बघितलं. "दोनच दिस. बापापरीस बरा हायेस," म्हणाले, आणि मोटर चालू करायला विहिरीकडं गेले.

घरी येऊन मी तिला दुसरं पत्र लिहिलं. गुरुवारी दुपारीच सापडलं होतं, शनिवारपर्यंत मी ते दाबून ठेवलं, शुक्रवारचा तुमचा दिवस माझ्यामुळं गेला. तिचं उत्तर अजून आलेलं नाही.