पायाशी पडलेला भात

कार्तिकातला शेवटचा रविवार. ठिकाण: उत्रोली, भावाचं खळं. हजर: चुलती, भाऊ, वहिनी आणि मी.

माझ्याकडे कामांची यादी होती. मी भोरला शाळेत विज्ञान शिकवते. यादीशिवाय माझं पान हलत नाही. शेवटची ओळ होती, ‘चारला टेम्पो, त्याआधी पोती भरून तयार’.

भावाचा संकरित भात सकाळीच पंख्यावर उफणून झाला होता आणि त्याची रास एका बाजूला होती. काकूंचा आंबेमोहोर मात्र वाऱ्यावरच उफणायचा. हे बियाणं त्यांनी लग्नात वेल्ह्याकडच्या माहेरून आणलेलं. दरवर्षी त्यातलंच निवडून पेरायचं, त्यामुळे दुकानातलं बी त्यांनी कधी घेतलं नव्हतं.

दुपारी वारा सुटला तशा त्या तिपाईवर चढल्या आणि सूप डोक्याच्या वर धरून हळूहळू ओतू लागल्या. भुसा आणि फोल लांब गेलं, हलका दाणा मधे पडला, भरलेला दाणा सरळ खाली.

“ह्ये पायाशी पडतंय ना, त्येला हात लावू नगंस,” त्या वरून म्हणाल्या. “ते बियाचं. जड असतंय, बिगीनं खाली येतंय.”

मला राहवलं नाही. “काकू, जड वस्तू आधी पडते असं काही नसतं. सगळं सारख्याच वेगानं पडतं. आम्ही सातवीला शिकवतो.”

“व्हय का मास्तरीण?” त्यांनी एका हातात भरला दाणा घेतला, दुसऱ्या हातात फोल, आणि दोन्ही एकदम सोडले. दाणा टपकन पडला. फोल गिरक्या घेत माझ्या पदरावर येऊन बसलं.

“ते हवेमुळं,” मी म्हणाले.

“मग तुझ्या पुस्तकात वारं न्हाई व्हय?”

वहिनी तोंडाला पदर लावून हसली. भाऊ तर उघडच हसला. “आक्का, उद्यापास्नं काकूलाच पाठवतो तुझ्या शाळंत.”

वर्गात मी दरवर्षी टेबलावर उभी राहून खडू आणि कागद सोडते. कागद आधी चुरगळून घेते, म्हणजे दोन्ही बरोबर पडतात. पुस्तकात ‘हवेचा विरोध नसेल तर’ असं स्पष्ट लिहिलेलं आहे. मग न चुरगळलेला, सुटा कागदही, तरंगत खाली येणारा, दाखवायचा असतो. पण तोवर तास संपत येतो आणि मी पुढच्या धड्याकडे वळते. इतकी वर्षं मी वारा गाळूनच शिकवत आले होते, आणि त्या दिवशी खळ्यावर तेच बोलले.

मी हसण्यावारी न्यायला हवं होतं. मला राग आला.

काकू चहा ठेवायला घरात गेल्या. साडेतीन झाले होते. मी खराटा घेतला आणि तिपाईच्या पायाशी पडलेला दाणा लोटत नेऊन भावाच्या राशीत मिसळला. भरला दाणा तो भरला दाणा, असं मी मनाशी म्हटलं. ‘हात लावू नगंस’ हे मी ऐकलं नव्हतं असं नाही. नीट ऐकलं होतं. फक्त ते माझ्या यादीत नव्हतं, आणि यादीत घालावं असं मला तेव्हा वाटलं नाही.

काकू चहाची किटली घेऊन बाहेर आल्या. तिपाईखालची सारवलेली जमीन मोकळी होती.

“हितलं कुठं गेलं?”

मी राशीकडे बोट दाखवलं.

भाऊ पुढे आला. “परत वाऱ्यावर घेऊ की, काकू.”

“आरं, वाऱ्याला जड-हलकं कळतंय,” त्या म्हणाल्या. “माजं-तुजं कुठं कळतंय?” मग त्यांनी कपात चहा ओतला आणि पहिला कप मला दिला. “आसू दे. यंदा दुकानातलं आणू.”

ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

जिथे मी मिसळलं होतं तिथलं एक पोतं भरून मी भोरला आणलं. आंबेमोहोराचा दाणा आखूड, संकरित लांब. उजेडात ताटात पसरलं की ओळखू येतात. रोज शाळेतून आल्यावर तासभर निवडते. आता चैत्र संपत आलाय. बियाण्याचा डबा निम्म्याच्या वर गेला आहे, रोहिणीच्या पेरणीआधी तो भरेल.

सातवीच्या वर्गात यंदा सुटा कागदही सोडला. यादीतल्या त्या ओळीवर खूण झाली.

तिच्या खालची ओळ मात्र पाचव्यांदा नव्या यादीत उतरवली आहे: ‘काकूंना सांगणे – मी ऐकलं होतं.’ मधल्या काळात उत्रोलीला तीनदा जाऊन आले. तिन्ही वेळा त्यांनी चहा दिला, आणि मी तो पिऊन परत आले.