‘हं’ म्हणणारं माणूस

आमच्या घरात चूक सापडली की ओरडायचं नाही, गप्प बसायचं. ही माझ्या नवऱ्याची पद्धत. मी लक्ष्मी रोडवरच्या एका निर्यातदाराकडे उभं आयुष्य परदेशी जाणाऱ्या मालाचे कागद केले आणि रिटायर झाल्यावर सदाशिव पेठेतल्या आमच्या फ्लॅटमध्ये बसून लहानसहान कारखानदारांचे करत राहिले. या कागदांत एक आकडा हुकला तरी माल परक्या बंदरात अडकतो. म्हणून ते दोघांनी ताडून बघायचे असतात. मी एक कागद मोठ्याने वाचायचे, हे दुसरा कागद पुढ्यात घेऊन ओळीखाली स्टीलची फूटपट्टी धरून बसायचे. ओळ जुळली की म्हणायचे ‘हं’. नाही जुळली की अक्षर नाही. मी थांबायचे, चष्मा पुसायचे, पुन्हा बघायचे.

“चुकलं एवढं म्हणायला तोंड दुखतं का तुमचं?” मी विचारायचे.

“तुला कळलं ना? मग झालं तर.”

एका सकाळी मी चहाला हाक मारली तर हे गप्प होते. त्यानंतर घरात मी एकटी. मुलगा मेलबर्नला. तो आला, दिवस झाले, परत गेला. जाताना म्हणाला, आई, कामं बंद कर आता, जरा आराम कर. आराम म्हणजे काय करायचं असतं हे त्यानं सांगितलं नाही.

पुढच्या वर्षी ऑस्ट्रेलियाशी आपला व्यापार करार लागू झाला, आणि त्यानंतर एके दिवशी धायरीचे एक कारखानदार जिना चढून आले. पत्र्याच्या शेडमध्ये चकलीचे सोरे बनवणारा माणूस. यांच्या ओळखीचे, म्हणून मला वहिनी म्हणत.

“वहिनी, तिकडं आपल्या मालावरची ड्युटी गेली म्हणं. खरं हाय का?”

“खरं आहे. पण माल इथंच बनलाय असा दाखला जोडावा लागतो. तो नसला तर करार तुमच्यासाठी झालाच नाही असं समजायचं.”

त्यांचे सोरे तिकडच्या एका दुकानदाराला आवडले होते. पण ड्युटी भरून ते परवडत नव्हते, दुसऱ्या देशाचा स्वस्त माल शेजारी मांडलेला असायचा. करारानं तो फरक मिटवला. हे मला नीट समजावून सांगता येतं, कारण वर्तमानपत्रात ‘मुक्त व्यापार’ म्हटलं की लोकांना वाटतं हा मोठ्या कंपन्यांचा खेळ. अहो, धायरीच्या शेडमध्ये बसलेल्या माणसाला पहिल्यांदाच कुणीतरी शर्यतीत बरोबरीनं उभं केलं होतं. मी हो म्हटलं. खरं सांगायचं तर घरात कुणीतरी काम घेऊन आलं होतं, काम काहीही असतं तरी मी हो म्हटलं असतं.

पहिल्या खेपेचे कागद मी एकटीनं ताडले. स्वतःच वाचायचं आणि स्वतःच ‘हं’ म्हणायचं. समोरच्या खुर्चीत फूटपट्टी तशीच पडलेली. वाचताना मी तिच्याकडे बघत नव्हते, आणि बहुतेक कागदाकडेही बघत नव्हते. दाखल्यावर मी कच्च्या इन्व्हॉइसचा नंबर टाकला, पक्क्याचा नाही. माल मेलबर्नला पोचल्यावर तिथल्या कस्टमच्या एजंटानं दाखला आणि बिल शेजारी ठेवून सरळ सांगितलं, सवलत नाही.

धायरीकर फोनवर मला एका शब्दानं बोलले नाहीत. तेच जास्त लागलं. एवढंच म्हणाले, “दिवाळीआधी माल दुकानात लागला नाही तर गिऱ्हाईक जातंय बघा. मग सोरे काय संक्रांतीला विकायचे?” इतक्या वर्षांत माझ्या हातून असं झालं नव्हतं. त्या दिवशी मी समोरच्या यांच्या खुर्चीवर खूप चिडले. गेलात ते गेलात, पण माझं डोकंही घेऊन गेलात, असं रिकाम्या खोलीत मोठ्यानं बोलले. शेजारच्यांनी ऐकलं असेल तर ऐकू दे.

दुरुस्त दाखला करायला बसले, पण हात चालेना. सकाळचे आठ वाजले होते, म्हणजे तिकडे दुपार, मुलाची जेवणाची सुट्टी. एरवी तो रविवारी फोन करायचा. जेवलीस का, गोळ्या घेतल्यास का, बाई येते का कामाला. हो, हो, हो. झाला फोन. त्या दिवशी मी त्याला लावला आणि म्हटलं, तुला व्हॉट्सॅपवर बिल पाठवलंय, समोर धर. मी दाखला वाचते.

“आणि मी काय करू?”

“जुळलं की ‘हं’ म्हण.”

“आणि नाही जुळलं की गप्प. माहितीये गं. दहावीचा अभ्यास तुमच्या शेजारी बसूनच केलाय मी.”

मी वाचलं. तो ‘हं’ म्हणत गेला. ‘हं’ अगदी यांचाच, नाकातून येणारा, थोडा कंटाळलेला. वजनाच्या ओळीला एकदम शांतता झाली. फोन कटला की चूक आहे ते मला कळेना. “आहेस का?” मी विचारलं. तो गप्पच. मग माझ्या लक्षात आलं, निव्वळ वजनाच्या जागी मी पेट्यांसकट वजन वाचत होते. दाखला दुरुस्त झाला, ड्युटी माफ झाली आणि सोरे दिवाळीआधी दुकानात लागले. माझा जीव भांड्यात पडला.

तेव्हापासून प्रत्येक खेप आम्ही दोघांनी ताडली. धायरीकरांच्या ऑर्डरी वाढत गेल्या. त्यांनी शेजारची शेड घेतली, पॉलिशच्या कामाला गावातल्या बायका ठेवल्या, पुरणयंत्रंही करायला घेतली. आमचे फोन आधी महिन्यातून एकदा, मग आठवड्याला, मग जवळजवळ रोज. ओळींच्या मध्ये काय काय निघायचं. साहेबाशी वाजलंय, पाठ दुखते, इथला भात बाबांना आवडला नसता. रविवारच्या फोनवर त्यानं यातलं काही सांगितलं नव्हतं. विचारलं असतं तरी सांगितलं नसतं. कागद समोर असला की आमच्या घरातली माणसं बोलतात.

तरी फोन ठेवला की घर तेवढंच रिकामं. उगाच खोटं कशाला बोलू. तिकडचे बदाम इकडे येतात, इकडचे सोरे तिकडे जातात, आणि आता म्हणे आणखी मोठ्या, सर्वसमावेशक कराराची बोलणी चालू आहेत. होऊ दे, चांगलंच आहे. पण मुलांनी वर्षातून एकदा घरी यावं असं कलम कुणी घालत नाही.

गेल्या दिवाळीनंतर धायरीकर पेढे घेऊन आले. नवी कोरी चारचाकी टिळक रोडला लावून चालत आले होते, कारण आमच्या गल्लीत ती मावेना. बराच वेळ इकडचं तिकडचं बोलले. मग पेढ्यांच्या बॉक्सकडे बघत म्हणाले, “वहिनी, आता रोजचा कंटेनर हाय. पोरीनं एजन्सी लावलीय. त्येंचं सगळं कॉम्प्युटरवर, दोन कागद आपोआप ताडतंय ते. तुम्हाला तरी किती तरास द्यायचा.”

“चांगलं केलंत,” मी म्हटलं. मनापासून म्हटलं. ज्याच्यासाठी धडपड केली तेच झालं होतं. हा माणूस माझ्या एका चुकीनं बुडणार होता, तो आता मला पुरून उरला होता. त्यांना जिन्यापर्यंत सोडलं, दार लावलं आणि पेढ्यांचा बॉक्स मांडीवर घेऊन बसून राहिले. मला रडू आलं. काम गेलं म्हणून नाही. उद्या सकाळी आठला काय वाचायचं म्हणून.

मुलाला सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी मी कपाटातली जुनी फाईल काढली, गेल्या वर्षीचं एक बिल त्याला पाठवलं आणि त्याचाच दाखला वाचायला घेतला. तारखेची ओळ तेवढी गाळली. ‘हं’, ‘हं’, ‘हं’. तो काही बोलला नाही. त्याच्या पुढच्या दिवशी दुसरं बिल. माझ्यासारख्या बाईनं, जिनं स्वल्पविरामासाठी लोकांना कागद परत केलेत, तिनं रोज सकाळी खोटे कागद ताडायला बसावं. लाज वाटायची. तरी साडेसातपासून चष्मा पुसून तयार असायचे. असे दोन आठवडे गेले.

मग एका सकाळी मी शेवटची ओळ वाचून म्हटलं, “झालं. ठेव आता, जेवून घे.”

“आई, तारीख राहिली.”

मी गप्प बसले. या घरात गप्प बसण्याचा अर्थ काय होतो ते त्यालाही ठाऊक होतं. माझ्याच चुकीवर मी गप्प बसण्याची ही पहिली वेळ.

“रोज राहते,” तो म्हणाला. आवाज चढलेला नव्हता. “पहिल्या दिवसापासून बघतोय. वाच.”

मी वाचली. गेल्या वर्षीचा फेब्रुवारी, दिवस, महिना, साल, सगळं नीट. पलीकडून काही आलं नाही. त्याच्या ऑफिसात कुणीतरी हसत होतं, ते ऐकू येत होतं, म्हणजे फोन चालू होता. मी समोरच्या खुर्चीतली फूटपट्टी उचलून हातात धरली आणि वाट बघत राहिले.

“हं,” तो म्हणाला. “उद्या कुठला कागद?”