मोज्यांतल्या आठ बाटल्या

रक्त तपासायच्या लॅबमध्ये एकतीस वर्षं काढलेल्या बाईला निवृत्तीनंतर वाइन चाखणाऱ्यांच्या क्लबात काय काम? तर लिहायचं. अक्षर मोत्यासारखं, म्हणून त्यांना बोलावलं आणि नावही पडलं ‘नोंदबाई’.

घड्याळजीच्या दुकानावरच्या खोलीत दर दुसऱ्या रविवारी दुपारी बारा माणसं जमत. लेबल दिसू नये म्हणून बाटल्यांना मानेपर्यंत जुने पायमोजे चढवलेले, मोज्यांवर नंबर. वीसपैकी मार्क द्यायचे. अध्यक्ष होते डॉक्टर, दातांचे. पण एकदा डॉक्टर म्हटलं की माणूस सगळ्यातलाच डॉक्टर होतो. ते पहिला मार्क खणखणीत आवाजात सांगत आणि बाकीचे दहा जण त्यांची री ओढत. डॉक्टर सोळा म्हणाले की वकीलसाहेब साडेपंधरा. बाई निमूटपणे रजिस्टरात अकरा रकाने भरत. लिहिणाऱ्याने मार्क द्यायचे नाहीत, हा नियमही डॉक्टरांचाच.

पण बाईंच्या पुढ्यातही ग्लास असायचा! डॉक्टरांनी तोंड उघडण्याआधीच त्या घोट घेत आणि पानाच्या मागच्या बाजूला पेन्सिलीने बारीक आकडा टाकत. चार वर्षं हा उद्योग चालू होता आणि कुणाला पत्ता नव्हता.

मग एक पत्र आलं. वाइनच्या मोठ्या स्पर्धेला क्लबाने एक परीक्षक पाठवावा. डॉक्टर जाणार हे सगळ्यांनी गृहीतच धरलं. बाईंनी मात्र पेन खाली ठेवलं. चौसष्ट वर्षांत त्यांनी स्वतःसाठी काही मागितलं नव्हतं. त्या उठून उभ्याच राहिल्या.

“डॉक्टर, मलाही जायचंय.”

“तुम्ही?” वकील हसले. “अहो, तुम्ही तर लिहिता!”

“आमच्या लॅबमध्ये एकच रक्त दोन वेगळ्या नंबरांनी तपासायला ठेवायचे. आकडा तोच आला तर माणूस भरवशाचा. आपणही तसं करू. आठ बाटल्यांत तीन एकाच वाइनच्या ठेवू. ज्याचे तीन आकडे एकमेकांच्या सगळ्यांत जवळ, तो जाईल.”

डॉक्टरांना पैज म्हटली की राहवत नसे. “होऊन जाऊ दे!” मोजे कोण चढवणार? ज्याला वाइनमधलं ओ की ठो कळत नाही, असं कुणीतरी हवं. “बाई, तुमची सूनच आणा की,” डॉक्टरच म्हणाले.

सून पक्की निघाली. दोन आठवडे तिने ताकास तूर लागू दिली नाही.

“मला सांगूच नकोस हं,” बाई म्हणायच्या.

“सांगतंय कोण, आई!”

रविवार उजाडला. या वेळी बोलायचं नाही, प्रत्येकाने आपापल्या चिठ्ठीवर लिहायचं. खोलीत इतकी शांतता, की खालच्या दुकानातली घड्याळं ऐकू येत होती. बाईंची जीभ ठाम होती. आठही बाटल्या झाल्यावर सुनेने दोन, पाच आणि सात नंबरचे मोजे उतरवले. तिन्हींवर एकच लेबल!

डॉक्टर: सोळा, अकरा, चौदा. कुणीतरी खुदकन हसलं. वकील: पंधरा, नऊ, पंधरा. बाकीच्यांचीही तीच गत. शेवटची चिठ्ठी बाईंची. तेरा, तेरा, साडेतेरा.

बाईंना नाचावंसं वाटलं. तेवढ्यात वकिलांनी घसा खाकरला. “मोजे चढवले कोणी? सुनेनं. आता काय बोलायचं!”

सुनेचा चेहरा लाल झाला. बाईंना तर रडूच फुटेल असं वाटलं. स्पर्धा गेली खड्ड्यात, पण पोरीला विनाकारण बोल लागला.

“थांबा हो,” डॉक्टर म्हणाले. लेबलाकडे निरखून बघत त्यांनी रजिस्टर ओढलं. “हीच वाइन, याच सालची, आपण आधी घेतलीय. तेव्हा मी तरी काय दिले होते बघू.” पान सापडलं. त्यांचे स्वतःचे मार्क, सतरा. पान उलटताना त्यांना मागचा पेन्सिलीचा आकडा दिसला. “हे काय? तेरा?”

बाईंनी रजिस्टर मिटायला हात पुढे केला. चोरी पकडल्यासारखं झालं होतं.

डॉक्टरांनी भराभर पानं उलटली. ती वाइन आणखी दोनदा सापडली. डॉक्टरांचे बारा, मग पंधरा. मागे पेन्सिलीने साडेतेरा, मग तेरा. आता ते जवळजवळ ओरडतच होते. “वकीलसाहेब, पहिली नोंद चार वर्षांपूर्वीची आहे! तेव्हाही सुनेनंच सांगितलं का?”

“माझं लग्नच दोन वर्षांपूर्वी झालंय,” सून म्हणाली.

खोलीत हशाचा स्फोट झाला. वकीलही हसले, कान पकडून. डॉक्टर सगळ्यांत जोरात, आपल्याच सतरा-बाराला.

“बाई, ते पेन इकडे द्या. आज मी लिहितो. उरलेल्या पाच बाटल्यांचे तुमचे मार्क सांगा, सगळ्यांच्या आधी.”

“तसं नाही चालायचं. पहिला बोलला की बाकीचे वाहवत जातात. चिठ्ठ्या वाचा.”

डॉक्टरांनी मुकाट्याने मान डोलावली. पट्टी लावून त्यांनी पानाच्या पुढच्या बाजूला बारावा रकाना आखला.

“वर काय लिहू? नोंदबाई?”

“माझं नाव लिहा.”

डॉक्टरांचं पेन तसंच थांबलं. चार वर्षांत पहिल्यांदाच त्यांना ते नाव विचारावं लागलं, आणि बाईंनी ते खणखणीत आवाजात सांगितलं.