कुत्रा मी हाकलला नव्हता

समोरच्या बाईंची मांजर मी वाचवली, असं आमच्या कुडवा गावात अजून सांगतात. मी ते कधी खोडलं नाही. आज खोडतो.

मांजर कोकराएवढी, लांब केसांची. बाई तिला छातीपट्टा घालायच्या, पट्ट्याखाली दोन बोटं घालून पाहायच्या आणि पायरीवर तिला न्यायची चेनची पिशवी उघडी ठेवायच्या. मांजर एकदा आपणहून आत बसून बाहेर आली, की मगच पिशवी खांद्याला लावून, पट्ट्याची दोरी धरून निघायच्या.

"मांजरीले फिरवता, कोंबडीले काऊन नाही जी?" मी चिडवायचो.

"कोंबडी ऐकत नाही, काकाजी."

एका सकाळी मोकाट कुत्रा मांजरीवर धावला. मी काठीसकट फाटकातच थिजलो. बाईंनी दोरी ओढली नाही. त्या रस्त्यातच खाली बसल्या आणि पिशवी उघडली. फुगलेली मांजर सरळ आत शिरली. चेन लावून, पिशवी पोटाशी धरून बाई तशाच बसून राहिल्या. कुत्रा भुंकून भुंकून निघून गेला. मग लोक धावत आले, तेव्हा त्यांना दिसली ती माझी काठी.

बाईंनी चेन बोटभर उघडून आत पाहिलं.

"पळाल्या काऊन नाही जी?" मी विचारलं.

"मी पळाली असती, काकाजी, त तिनं कोणापाशी यावं?"