पंचफुलाबाई बसमध्ये चढल्याशिवाय

आदिलाबादच्या बसस्टँडसमोर एक दवाखाना होता. पाटी तेलुगूत होती अन् आमच्या गावात ती कोणाले वाचता येत नव्हती, म्हणून आमी त्याले घाईचा दवाखाना म्हणत होतो. सकाळच्या बसनं जायचं, दाखवायचं, सुई टोचून घ्यायची अन् संध्याकाळच्या बसनं घरी यायचं. बाजारहत्नूरकडच्या साऱ्या गावांची हीच रीत. लोकं मले विचारतात, जयवंताबाई, तिथल्या नर्सबाईचं नाव तुमी सकाळ-संध्याकाळ काऊन घेता? सांगते. पण मधात बोलू नका, मले ते आवडत नाई.

पंचफुलाबाई तिचं नाव. बाप उटनूरच्या बाजूले दुसऱ्याच्या शेतात सालदार होता. पण डोक्याचा हुशार, पोरीले शिकवली. भाऊ मास्तर झाला, ही नर्स झाली. बुटकी, सावळी, पांढरं पातळ खोचलेलं, पायात रबरी चपला. आवाज असा की दवाखान्यात बोलली तर स्टँडवरचा चहावाला वळून पाहे. सुई टोचताना तुमच्या म्हशीची चौकशी करे. म्हैस किती दूध देते ते सांगत राह्यलं की सुई कधी गेली ते समजत नसे. तोंडानं मात्र खडूस. उशिरा आलं की म्हणे, "एवढ्या लवकर काऊन आल्या? अजून दोन दिवस थांबायचं होतं." मले पटलं तिचं. माझंही तोंड काई गोड नाई.

आता त्या दवाखान्याचं खरं काय ते सांगते. चांगलंही सांगते, वाईटही. विंचू चावला, पोरानं हात भाजून घेतला, खुरप्यानं पाय कापला, तर तिथं कोणी तुमाले चिठ्ठी मागत नव्हतं की रांगेत उभं करत नव्हतं. डॉक्टर सुधाकरराव हाताचे लय चपळ. टाके घालायले बसले की पोट्टं रडायचं थांबायच्या आत पट्टी बांधून होई. सरकारी दवाखान्यात गेलं तर दिवस जाय अन् परतीची बस हुके, मग रात्र काढायची कुठं? गरिबाले हे लय मोठं असते बाप्पा.

पण घाईचं ते घाईचंच. तिथं खाटा नव्हत्या, दोन बाकडे होते. सलाईन संपली की उठायचं, दुसरा उभा असे. काल कोण आलं होतं, त्याले काय दिलं, उद्या त्याचं काय होईल, हे पाहायले कोणाले वेळ नव्हता. अन् आमची लोकंही तशीच. सुई दिली नाई तर डॉक्टरले अक्कल नाई म्हणत. डॉक्टर तरी काय करतील?

एकदा एका लेकराले ताप उतरला म्हणून घरी धाडलं, अन् बस स्टँडवरून हलायच्या आतच ते फणफणलं. कंडक्टर डोमाजीनं त्याले उचलून परत दवाखान्यात नेलं. लेकरू वाचलं. पण तवापासून पंचफुलाबाईनं एक रीत पाडली. संध्याकाळी बस लागली की ती दवाखान्यातून निघे, रस्ता ओलांडे अन् बसमध्ये चढे. पुढच्या शिटापासून मागच्या शिटापर्यंत आपल्या दिवसभराच्या साऱ्या पेशंटले पाहून घेई. कोणाच्या कपाळाले हात लावे, कोणाची पट्टी दाबून पाहे. मोठ्या दवाखान्यात डॉक्टर खाटांवरून फिरतात ना, तसं. खाटा नव्हत्या म्हणून तिनं बसच वापरली. ती उतरल्याशिवाय डोमाजी घंटी मारत नसे. ड्रायव्हर कुरकुर करे, पण थांबे.

आमचे हे, म्हणजे लक्ष्मणराव, घ्या, नाव घेतलं मी, आता म्हातारपणी कोण टोकते, तर हे त्या वर्षी कापसावर औषध मारून राह्यले होते. अळी लय पडली होती. पाठीवर पंप, तोंडाले काई नाई, अन् वारा समोरून. दुपारी बांधावर येऊन बसले अन् म्हणाले, "डोकं फिरून राह्यलं." मग उलटी झाली. घामानं सारे भिजले. तवा गावात औषध मारल्यावर साऱ्याइचंच डोकं फिरे. त्याले कोणी दुखणं म्हणतच नव्हतं. ऊन लागलं म्हणत.

घरी आणलं तर सासूबाई, द्वारकाबाई, दारातच उभ्या. म्हणाल्या, "आदिलाबादले जाऊन राह्यला माहा लेक. मळक्या सदऱ्यात जाईन का? लोकं काय म्हणतीन?" औषधानं ओला सदरा काढला, पेटीतला पांढरा सदरा घातला, डोक्याले तेल चोपडलं. आंघोळ घालू म्हणलं तर माझ्यावरच डाफरल्या, "दुखण्याच्या माणसाले पाणी घालतात का?" आमच्याकडे तशीच रीत. शहरात जायचं तर धुतलेलं घालून जायचं, मग मरायले का टेकले ना. मळका सदरा त्याइनं माझ्या थैलीत कोंबला, वाटेत उलटी झाली तर पुसायले म्हणून.

सकाळची बस तर गेली होती, बाजाराले निघालेल्या एका जीपमध्ये घालून यांले नेलं. दवाखान्यात ही गर्दी. बाजाराचा दिवस. सुधाकररावांनं विचारलं, "काय झालं?" हे म्हणाले, "ऊन लागलं." समोर पाहावं तर तेल लावलेला, पांढऱ्या सदऱ्यातला माणूस. लग्नाले निघालेला वाटे. डॉक्टरनं नाडी पाह्यली, सलाईन लावली, सुई दिली अन् दुसऱ्याकडे वळले. सलाईन संपेपर्यंत यांले जरा बरं वाटलं. बाकड्यावरून उठवलं, मी हाताले धरून बसमध्ये नेलं. खिडकीपाशी बसवलं. मले वाटलं, झालं, सुटलो.

बस सुरू होऊन घुरघुरत होती. डोमाजी तिकिटं फाडून राह्यला होता. तवा यांच्या तोंडातून लाळ गळू लागली. मी पदरानं पुसली तर पुन्हा आली. हाक मारली तर नुसतं पाहत, अन् ते पाहणं मले ओळखीचं वाटलं नाई. दोन लेकरं घरी, धाकटी अंगावर पिणारी. माझा माणूस माझ्या हातातून चालला होता अन् मी बसमध्ये बसून कोणाले सांगू ते सुचत नव्हतं.

पंचफुलाबाई चढली. दोन शिटा पाहून आमच्यापाशी आली अन् थांबली. यांच्या मानेले हात लावला. मग खाली वाकली अन् नाक ओढलं.

"हा वास कशाचा?"

मी थैली उघडली. सदरा बाहेर काढला. साऱ्या बसमध्ये तो वास पसरला.

"औषध मारत होता का हा?"

"होय," मी म्हणलं, "पण ते तर सारेच मारतात."

तिनं खिडकीतून तोंड काढून दवाखान्याकडे अशी हाक मारली की डॉक्टर हातातलं काम टाकून पळत आले. बॅटरीनं डोळे पाह्यले. डोळ्यातल्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्या होत्या. डॉक्टर म्हणाले, "माझ्याकडून राह्यलं हे. मी विचारायले पाह्यजे होतं." इतकंच म्हणाले, अन् तिथंच, शिटावरच विष उतरवायची पह्यली सुई दिली. मग म्हणाले, "हे आता माझ्या दवाखान्याचं काम नाई. सरकारी दवाखान्यात न्या, याच घडीले."

डोमाजीनं रस्त्यावर उभं राहून एक जीप अडवली. पंचफुलाबाई संगं बसली. सरकारी दवाखान्यात तिनं स्वतः यांचा तो पांढरा सदरा फाडून काढला अन् नळाखाली बसवून साबणानं डोक्यापासून पायापर्यंत धुतलं. मी म्हणलं, "अवं, दुखण्याचा माणूस आहे." ती म्हणाली, "याच्या कातडीवर अजून औषध आहे. तू रडजो नंतर, आता पाणी टाक." मी पाणी टाकलं. तिथल्या डॉक्टरांनं सुयांवर सुया दिल्या, रात्रभर कोणी ना कोणी यांच्यापाशी उभं होतं. सरकारी दवाखान्याले मी लय नावं ठेवली होती, ती सारी मागं घेतली.

हे वाचले. घरी आले तवा पाय काठीसारखे झाले होते, पण आपल्या पायानं उंबरा ओलांडला. त्यानंतर रोज डोमाजीची बस गावात आली की तो खिडकीतून विचारे, "पंचफुलाबाईनं विचारलं, लक्ष्मणराव जेवला का?" काय जेवले ते मी सांगत असे, अन् दुसऱ्या दिवशी तिचा निरोप येई, "भाकर वाढवून सांगितली, खोटं बोलू नको." अशी बाई.

पुढं घाईचा दवाखाना दुसरीकडे गेला. पंचफुलाबाई थकली, काम सोडून आदिलाबादजवळच्या मावला गावात भावापाशी राहू लागली. घर सडकेवरच होतं, अन् आमची बस तिथूनच जाय. डोमाजीनं सवय काई सोडली नाई. संध्याकाळी परतताना मावल्यात बस थांबवे, ती फाटकापाशी उभी असे, चढून एक फेरी मारे.

सासूबाईंनं तवापावेतो तिले पाह्यलंच नव्हतं. त्या दुखण्याचं बोलणं निघालं की उठून गोठ्यात जात. एक दिवस अचानक म्हणाल्या, मले आदिलाबादले ने. यांलेही संगं घेतलं. हे वावरातून आले तसेच, मातीनं भरलेल्या सदऱ्यात. मी धुतलेला काढून दिला तर द्वारकाबाईंनं तो परत पेटीत टाकला. "जसा आहे तसाच चाल," म्हणाल्या. बाजारात गेलो, काई घेतलं नाई. मी विचारून विचारून थकली. परतीच्या बसमध्ये बसलो.

मावल्यात बस थांबली. पंचफुलाबाई काठी टेकत चढली. द्वारकाबाईंनं तिचा हात धरला.

"काय होऊन राह्यलं माय तुमाले?" तिनं विचारलं.

"मले काई नाई झालं," सासूबाई म्हणाल्या. "माह्या लेकाले पाह्य एकदा."

पंचफुलाबाईनं यांच्याकडे पाह्यलं. हे आता पन्नाशीचे, मिशा पिकलेल्या, लाजून खाली पाहत होते. तिनं हनुवटी धरून तोंड वर केलं, डोळ्याची खालची पापणी ओढून पाह्यली, सदऱ्याचा वास घेतला.

"मातीचा वास येऊन राह्यला," ती म्हणाली. "चांगला आहे तुमचा लेक."

द्वारकाबाईंनं तिचा हात आपल्या कपाळाले लावला. ती काठी टेकत उतरली तवा पदरानं तोंड पुसलं अन् डोमाजीले म्हणाल्या, "मार आता घंटी."