तिजोरीमामांची उघडी तिजोरी

आमचे तिजोरीमामा माणसांवर विश्वास ठेवत नसत. ठेवत ते फक्त लोखंडावर. धुळ्याच्या घरात देवांशेजारी त्यांची पत्र्याची तिजोरी, तिच्यावर कुंकवाचं स्वस्तिक. "लोखंड कधी जळेल का, भाची?" हे त्यांचं पालुपद. अहो, जळत नाही, पण तापतं ना! तव्यावर कागद ठेवून बघा! जळगावहून दर फेरीला येऊन मी घसा कोरडा करायचे.

माझा जीव अडकला होता एका कॅसेटमध्ये. मामांच्या हळदीत माझ्या आईनं म्हटलेलं अहिराणी गाणं तिच्यात होतं. आई गेली तेव्हा मी तान्ही होते. तिचा आवाज जगात तेवढाच उरलेला, आणि तोही मी कधी ऐकला नव्हता, कारण मामांचा टेपरेकॉर्डर केव्हाच भंगारात गेलेला. "मोबाईलवर उतरवून आणते," म्हटलं की मामा कॅसेट छातीशी धरत. "दुकानातल्या यंत्रानं फीत चावली तर? तुझी आई पुन्हा गाईल का?" मी कपाळावर हात मारून घ्यायचे!

शेवटी भांडून अग्निरोधक तिजोरी घ्यायला लावली. दुकानदारानं दोन पत्र्यांमधला जाड थर दाखवला. तो आगीची आच बराच वेळ अडवतो म्हणाला. कागद जळायच्याही आधी कॅसेट वितळते, म्हणून तिच्यासाठी आत ठेवायचा वेगळा डबा दिला. "पण दार बंद पाहिजे, काका," त्यानं बजावलं. मामांनी मान डोलावली. मला हायसं वाटलं.

पण मामांचा नेम होता. दिवेलागणीला दार लावायचं नाही, लक्ष्मी पाठ फिरवते. लोक घराचं दार उघडं ठेवतात. मामा तिजोरीचंही ठेवत! आतला डबासुद्धा उघडा. निरांजन लावायचं, तिजोरी सताड उघडायची आणि ओट्यावर जाऊन गप्पा हाणायच्या. मी ओरडले की म्हणत, "अगं, घटकाभरच तर!" आगीला तेवढी घटका पुरते, हे त्या डोक्यात शिरेल तर शपथ!

गेल्या दिवाळीआधी निरांजनाची ज्योत पडद्याला लागली. शेजाऱ्यांनी विझवेपर्यंत देवघर काळंठिक्कर झालं. दुसऱ्या दिवशी मी पोचले. तिजोरीतल्या राखेतून मामींच्या पाटल्या निघाल्या, घासल्यावर चकाकल्यासुद्धा. कॅसेटचा गोळा झाला होता. मला इतका संताप आला की भाजलं-बिजलं का, हेसुद्धा मी मामांना विचारलं नाही.

"किती वेळा सांगितलं होतं!" मी किंचाळले.

 मामा घरातल्या अहिराणीत म्हणाले, "तुनी मायनं गानं माले याद शे. मोबाईल चालू कर."

जन्मात कधी न गायलेला तो माणूस फाटक्या आवाजात गाऊ लागला. दोन ओळी झाल्या आणि तिसरीवर अडला. पुन्हा पहिल्यापासून म्हटलं, पुन्हा तिथेच अडला. डोळे मिटून, कपाळ चोळून पाहिलं.

मग त्यांनी माझ्याकडे बघितलं.

"पुढे काय व्हतं वं, भाची?"