ओसरीतलं सामान

एखादी वस्तू ज्या कामासाठी बनली त्याच कामासाठी वापरणं ज्याला कमीपणाचं वाटतं, असा माणूस आख्ख्या खानदेशात एकच आहे, आणि तो नेमका माझा साडू निघावा हे माझं नशीब. मी धुळ्याचा, सरकारी कचेरीतला कारकून. ते भडगावचे. आमच्या बायका सख्ख्या बहिणी. साडूभाऊंनी सगळी नोकरी जिनिंग फॅक्टरीत फिटर म्हणून केली, आणि फॅक्टरीतून परत येताना ते भंगारवाल्याच्या दारावरून कधी सरळ पुढे गेले नाहीत. बाकीची माणसं वाटेत चहाला थांबतात, हे भंगाराला थांबायचे. तिथून जे घरी यायचं ते दुसऱ्या दिवशी स्वयंपाकाचं हत्यार झालेलं असायचं. काहीही असो, शेवटी ते स्वयंपाकाचंच. "वस्तू रिटायर होस पाहुणं, मरत नही," असं ते मला ऐकवत, आणि तेव्हा त्यांच्या हातात बहुधा कुणाच्या तरी कपाटाची कडी असे.

त्यांच्या काही गोष्टी खरोखरच नामी होत्या, हे कबूल केलंच पाहिजे. जुन्या टेबलफॅनची पुढची जाळी कापसाच्या पऱ्हाट्यांच्या विस्तवावर पालथी घालून तिच्यावर ते भरताची वांगी भाजत. एका वेळी बारा वांगी मावायची, आणि एकही निखाऱ्यात पडायचं नाही. वांग्यांना टोचे मारायला मोडक्या छत्रीच्या काड्या. भरीत ठेचायला खाटेचा खूर, तोही शिसवी. पण सगळंच काही जमायचं असं नाही. बंद पडलेल्या वॉशिंग मशीनचा ड्रायर दुरुस्त करून त्यांनी त्यात धुतलेली मेथी सुकवायला घातली होती. मेथी झकास सुकली. भाजीत मात्र माझ्या ताटात शर्टाचं बटण आलं. दुसऱ्या खेपेला शिलाई मशीनच्या पायट्याला रवी जोडून ताक घुसळायचा कार्यक्रम झाला. पहिल्या दोन मिनिटांत लोणी आलं, तिसऱ्या मिनिटाला ताक भिंतीवर गेलं आणि उरलेलं माझ्या पांढऱ्या शर्टावर. साडूभाऊ म्हणाले, "वेग जरा जास्त झाला." एवढंच. माझ्या शर्टाबद्दल एक अक्षर नाही!

बरं, माणूस घरापुरता असता तरी चाललं असतं. त्यांच्या पुतण्यासाठी मुलगी बघायला आम्ही दोंडाईचाला गेलो होतो. कांदेपोहे आले, मुलगी आली, मुलीच्या मामानं तिच्या शिक्षणाचं सांगायला सुरुवात केली, आणि यांची नजर कोपऱ्यातल्या मोडक्या लोखंडी पाळण्यावर. सगळे गप्प झाले तशी यांना संधी मिळाली. "हे तुम्ही टाकणार आहात का?" मुलीच्या वडिलांचा चेहरा बघण्यासारखा झाला. मी टेबलाखालून यांच्या पायावर पाय दिला, तर मला म्हणतात, "पाहुणं, पाय." लग्न जमलं, आणि पाळण्याच्या दांड्यांचा कुरडया वाळवायचा मांडव घरी आला. माझी बायको अजून मला ऐकवते की घरासाठी एवढं करणारा नवरा तिच्या बहिणीला मिळाला, आणि तिला मिळाला फायली आणणारा.

आता गंमत अशी की ज्या बहिणीसाठी हे सगळं चाललं होतं, त्या अक्कांनी, म्हणजे माझ्या थोरल्या मेहुणीनं, यातली एकही वस्तू स्वयंपाकघरात घेतली नाही. अक्का म्हणजे भडगावातल्या नावाजलेल्या सुगरण. त्यांचे मांडे खाल्लेला माणूस दुसरीकडे मांडे खायला बसला की उगाच हळहळतो. त्यांचा कायदा कडक होता. "हाई बठ्ठं ओसरीमाच ऱ्हाऊ द्या. मझार आनू नका." मझार म्हणजे आत. बारा वांग्यांची जाळी असो की शिसवी खूर, बाहेर वापरा, धुवा आणि ओसरीतल्या फळ्यांवर ठेवा. चाळीस वर्षं साडूभाऊ हत्यारं बनवत राहिले आणि ओसरी भरत राहिली. स्वतः भाऊंनासुद्धा स्वयंपाकघराच्या उंबऱ्याच्या आत फारसं काम नव्हतं. पाणी मागायचं तरी उंबऱ्याबाहेरून.

दोन वर्षांपूर्वी अक्कांना अर्धांगाचा झटका आला. बोलणं सुधारलं, पाय हळूहळू चालू लागला, डावा हात मात्र लुळाच राहिला. स्वयंपाकाला एक बाई यायला लागली. अक्का पुढच्या खोलीत खुर्चीवर बसून राहायच्या, स्वयंपाकघराकडे पाठ करून. बाईनं आमटीला फोडणी दिली की त्यांच्या कपाळाला आठी पडायची, पण बोलायच्या नाहीत. अक्का बोलत नाहीत हे आम्हाला झेपेना. फोनवर साडूभाऊ मला म्हणाले, "जेवायला मिळतंय हो. पण ती परत चुलीपुढं बसली पाहिजे. नाहीतर ती जाईल अशीच." त्यांचा आवाज असा मी कधी ऐकला नव्हता. भंगारवाल्याकडे जाणंही त्यांनी बंद केलं होतं.

मग एका सकाळी सातलाच फोन. मला वाटलं, काहीतरी वाईट झालं. तिकडून साडूभाऊ ओरडताहेत, "मागितली! तिनं मागितली!" काय मागितलं ते कळायला मला पाच मिनिटं लागली. झालं होतं असं, की बाई यायच्या आधी अक्का एकट्याच स्वयंपाकघरात गेल्या आणि एका हातानं कांदा चिरायला लागल्या. कांदा घरंगळून मांडणीखाली गेला. दुसरा घेतला, तोही गेला. भाऊ उंबऱ्याबाहेर उभे, आत जायची हिंमत नाही. अक्कांनी सुरी खाली ठेवली आणि वळून न बघता म्हणाल्या, "ओसरीवरनी ती खिळानी फळी मझार आना." कपाटाच्या दाराची ती फळी भाऊंनी पंधरा वर्षांपूर्वी दुधी धरायला केली होती. उलट्या ठोकलेल्या दोन खिळ्यांवर कांदा रोवला की हलत नाही. त्या दिवशी अक्कांनी चार कांदे चिरले. गरज दोनचीच होती.

त्यानंतर एकेक वस्तू उंबरा ओलांडू लागली. मग आखाजी, म्हणजे आमची अक्षय्यतृतीया, जवळ आली. आखाजीला लेकी माहेरी येतात, आमरस होतो आणि आमच्याकडे मांडे होतात. माझ्या बायकोला आईवडील नाहीत, तिचं माहेर म्हणजे अक्का. मांडा तसा अवघड. पुरण भरलेली ती पोळी दोन्ही हातांवर झेलत, फिरवत, कोपरापर्यंत वाढवायची आणि चुलीवरच्या पालथ्या खापरावर अलगद टाकायची. कुणी म्हणालं, विकत आणू. अक्कांनी साफ नाही म्हटलं. भाऊ म्हणाले, तू कर. त्यावर अक्का चिडल्या, "मांडा काय एक हातनं काम शे?" आणि परत खुर्चीवर जाऊन बसल्या, स्वयंपाकघराकडे पाठ करून. साडूभाऊ दुसऱ्या दिवशी धुळ्याला माझ्या दारात हजर.

धुळ्यात एका बंद पडलेल्या साडीच्या दुकानाचं सामान विकायला निघालं होतं. तिथून त्यांनी पुतळ्याचा डावा हात उचलला. गोरापान, लांब बोटांचा, खांद्यापासून सुटलेला. भडगावच्या बसमध्ये तो माझ्या मांडीवर. पिशवीतून बोटं बाहेर आलेली. शेजारची बाई पदर सावरून सरकली, तशी साडूभाऊंनी वाकून तिला धीर दिला, "घाबरू नका ताई, स्वयंपाकासाठी आहे." ती बाई पुढच्या थांब्याला उतरली. मला नाही वाटत तिला तिथं उतरायचं होतं.

आखाजीच्या सकाळी परसात चूल पेटली, खापर तापलं. पुतळ्याचा हात सुताराच्या शिकंज्यानं स्टुलाला आवळलेला, त्याला कोपरापर्यंत तेल चोपडलेलं. अक्कांनी पहिला मांडा उचलला, उजव्या हातावरून त्या गोऱ्या हातावर टाकला, आणि तो सरळ बोटांवरून घसरून राखेत. दुसरा मांडा बोटांत अडकून लोंबायला लागला. तो हात आपला पुढे पसरलेला, जणू लग्नात अक्षता मागतोय. अक्कांनी त्याच्याकडे बघितलं, भाऊंच्या घामाघूम चेहऱ्याकडे बघितलं, आणि हसायला लागल्या. दीड वर्षानं! डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. मग पदरानं तोंड पुसून म्हणाल्या, "ते बाजूले ठेवा. तुम्ही हात धुईसन इकडे या."

साडूभाऊंनी घड्याळ काढलं, बाह्या सारल्या, कोपरापर्यंत हात धुतले आणि अक्कांच्या डाव्या बाजूला उभे राहिले. मग जी बोलणी खाल्ली ती विचारू नका. "हालू नका! फाटी जाई! वर, वर धरा!" दोन मांडे फाटले. तिसरा त्या दोघांच्या हातांवर फिरत फिरत वाढला आणि खापरावर गेला. कडेला जाड, मध्ये बोटाएवढं भोक, आकार सांगता येणार नाही. माझ्या बायकोनं तो आमरसात बुडवून खाल्ला आणि रडली.

गेल्या महिन्यात कामानं भडगावला गेलो होतो. ओसरीत पाय ठेवला तर फळ्या रिकाम्या. साडूभाऊ भिंतीला टेकून नुसते बसलेले. "काय भाऊ, दुकान बंद?" मी विचारलं. त्यांनी हनुवटीनं आत दाखवलं. स्वयंपाकघरात जाळी खिळ्याला टांगलेली, छत्रीच्या काड्या डब्यात, खाटेचा खूर मांडणीवर. आणि खिडकीशी तो गोरापान हात, त्याच्या बोटांना गाळणी, सांडशी आणि अक्कांचा टॉवेल. साडूभाऊ म्हातारे दिसायला लागलेत, हे मला तेव्हा जाणवलं. मी त्यांच्याशेजारी भिंतीला टेकून बसलो. तेवढ्यात आतून अक्कांचा आवाज आला, "अहो, हात धुईसन मझार या."

"येतो पाहुणं," म्हणत ते उठले आणि बाह्या सारत आत गेले.